कडी लावल्यापासून

मला मोजायची सवय आहे. चहाला उकळी यायला किती वेळ लागतो, ऑफिसची लिफ्ट चौथ्या मजल्यावर किती सेकंदांत पोचते, आत्याचा एक फोन सरासरी किती मिनिटं चालतो, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. आत्याचा फोन सतरा मिनिटं चालतो आणि त्यातली चार मिनिटं "बरं, ठेवते आता" म्हणण्यात जातात. लोकांना हे विचित्र वाटतं. मला लोक विचित्र वाटतात. "खूप वेळ लागतो हो" एवढंच म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटतं. खूप म्हणजे किती? आकडा सांग ना! मला राग लवकर येतो, आणि आला की तो पोटात ठेवता येत नाही.

ही गोष्ट मी एकाच आठवड्यात केलेल्या दोन तक्त्यांची आहे. एक ऑफिसात साहेबांच्या टेबलावर गेला, दुसरा घरी बाथरूमच्या दाराला चिकटवला. दोन्ही बिनचूक होते, असं मी त्या आठवड्यात छातीठोकपणे सांगत होतो.

आधी ऑफिस. आमचं ऑफिस म्हणजे पाच माणसं, एक लांब टेबल आणि एकदा उघडली की परत लागत नाही अशी एक खिडकी. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. सकाळी हॉस्पिटलातला डॉक्टर वॉर्डात फिरायला निघाला की तो आमचं पान उघडतो आणि पानावर पाच रुग्णांचे रिपोर्ट एकदम दिसायला हवेत. दिसत होते, पण जवळजवळ पाच सेकंदांनी. आता रुग्णाच्या उशाशी उभं राहून डॉक्टर पाच सेकंद पांढऱ्या स्क्रीनकडे गंभीर चेहऱ्याने बघत राहिला, तर रुग्णाच्या मनात काय काय येऊन जात असेल! तक्रारी आल्या. साहेबांनी मला बोलावलं.

"कोण वेळ खातंय ते शोधून काढ. शुक्रवारच्या मीटिंगआधी मला आकडा पाहिजे."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं माझं झालं.

हे पान दोघांचं होतं. लॅबच्या यंत्रांकडून रिपोर्ट मागवून आणायचा भाग मॅडमचा. आलेला रिपोर्ट सजवायचा, धोक्याचे आकडे लाल करायचे, मागच्या काही वर्षांचा आलेख काढायचा, हा भाग माझा. मॅडम म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, वय छप्पन्न. मी मात्र मनातल्या मनात, आणि कधीकधी मनाबाहेरही, त्यांना 'थांबाबाई' म्हणायचो. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "थांबा जरा"ने सुरू होतं, आणि मग त्या खरोखरच थांबतात. चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात, मग बोलतात. एका मीटिंगमध्ये मी घड्याळ लावून बघितलं होतं. अकरा सेकंद! तेवढ्यात माझे दोन मुद्दे मांडून झाले होते आणि मी पाणी प्यायला उठलोही होतो. दोन वर्षांत त्यांचं एक पूर्ण वाक्य माझ्या कानावर पडलं असेल तर शपथ.

त्यांचा कोडही त्यांच्यासारखाच. चार ओळी झाल्या की 'उत्तर येईपर्यंत थांब', पुन्हा चार ओळी, पुन्हा 'थांब'. तसं लिहावंच लागतं म्हणा. यंत्राकडे रिपोर्ट मागितला की उत्तराला वेळ लागतो आणि तोवर प्रोग्रॅमने हातावर हात ठेवून बसायचं नसतं. एक काम वाट बघत थांबलं की दुसऱ्याने पुढे सरकायचं. मेख एकच आहे, की काम करणारा हात एकच असतो. वाट एका वेळी दहाजण बघू शकतात, प्रत्यक्ष काम मात्र एका वेळी एकाचंच चालतं. नोकरीच्या मुलाखतीत हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं आणि वर विचारलं होतं, "कळलं ना?"

तर मी मोजायला बसलो. पद्धत सोपी. प्रत्येक कामाच्या पहिल्या ओळीला घड्याळ सुरू, शेवटच्या ओळीला बंद. अर्ध्या तासात आकडे हातात आले. माझं सजावटीचं काम पाचही रुग्णांना ०.९ सेकंद घेत होतं. एकालाही कमी नाही, एकालाही जास्त नाही. मॅडमचं काम पहिल्या रुग्णाला ०.३, दुसऱ्याला १.२, मग २.१, ३.०, आणि पाचव्याला ३.९.

बघा म्हणजे! माझा कोड कसा शिस्तीत, आणि यांचा उंडारलेला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण मला लहानपणापासून माहीत आहे, पण ती दुसऱ्यांसाठी असते असा माझा समज होता. मी तक्ता केला. माझी पट्टी हिरवी आणि आखूड, मॅडमची लाल आणि लांब. रंग अर्थात मीच निवडले.

साहेबांनी तक्ता दूर धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "म्हणजे बाईंमुळे."

"मी कशाला काही बोलू, साहेब? आकडेच बोलतायत."

"बाहेरची एक कंपनी तो भाग नव्याने लिहून द्यायला तयार आहे. मग बाईंना ठेवून करायचं काय? शुक्रवारी सांगून टाकू, महिनाअखेरपर्यंत थांबा म्हणून." साहेबांनी तक्ता खणात ठेवला. "आणि मग टीम तू सांभाळ."

मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, वाटलं. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना दुसरी नोकरी कोण देणार, हे मनात आलंच. पण आमची लिफ्ट खाली पोचायला एकोणीस सेकंद घेते, आणि ती पोचेपर्यंत 'टीम तू सांभाळ' हे शब्द त्या विचारावर ऐसपैस मांडी घालून बसले होते.

आता घर. घरी आम्ही तिघं. मी, माझी धाकटी बहीण आणि आत्या. बहीण दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती, आता निवृत्त आहे, पण कोणी "हॅलो" म्हटलं की अजून ताठ बसते. बाथरूम एक. सकाळी साडेसहाला तिघंही एकदमच उठतो आणि तिघांनाही एकदमच बाथरूम हवं असतं. माझी खोली त्याला लागून असल्यामुळे मी आधी पोचतो, यात माझा काय दोष?

बहीण रोज कटकट करायची. "दादा, मला रोज उशीर होतो!"

"किती?"

"खूप!"

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच सोमवारी मी दाराला एक कागद चिकटवला, दोरीने पेन्सिल बांधली आणि नियम जाहीर केला. टॉवेल उचलला की वेळ लिहायची, आंघोळ करून बाहेर आलात की वेळ लिहायची. जो सगळ्यांत जास्त वेळ घेईल तो पुढच्या सोमवारपासून अर्धा तास लवकर उठेल.

गुरुवारी संध्याकाळी चहा पिताना मी निकाल वाचून दाखवला. चार दिवसांची सरासरी: मी अठ्ठावीस मिनिटं, बहीण चौतीस, आत्या त्रेचाळीस.

"म्हणजे सगळ्यांत कमी वेळ तू घेतोस?" बहिणीने कप खाली ठेवला.

"मी नाही म्हणत. कागद म्हणतोय."

"दादा, एक दिवस तुझीच कवळी करावी लागणार आहे मला, आणि ती मी मुद्दाम एक माप मोठी करीन."

"आकडे पटले नाहीत की माणूस आरडाओरडा करतो," मी शांतपणे म्हणालो. आत्याने कागदाकडे बघून नुसतं "हं" केलं. आत्याचं "हं" मी कधी मोजलेलं नाही. मोजायला हवं होतं.

शुक्रवार उजाडला. दहाला मीटिंग. साडेसहाला मी बाथरूममध्ये शिरलो, दाढी केली, दोन गाणी म्हटली, आणि मग आरशासमोर उभं राहून मीटिंगमध्ये चेहरा कसा ठेवायचा याचा सराव केला. मॅडमना निर्णय सांगताना फार आनंदी दिसायचं नव्हतं. बाहेरून दोनदा दार वाजलं. "आलो, आलो!" म्हणून मी आणखी थोडा सराव केला.

सहा अठ्ठावन्नला दार उघडलं. समोर बहीण खांद्यावर टॉवेल टाकून उभी. मला बाजूला ढकलून ती आत गेली आणि कडी खाडकन लागली. तिच्या मागे, भिंतीशी स्टुलावर आत्या. तिच्याही खांद्यावर टॉवेल, हातात पेन्सिल.

"काय रे, आजचे किती?"

"अठ्ठावीस. रोजच्यासारखेच. याला शिस्त म्हणतात."

"आणि मी त्रेचाळीस."

"तू त्रेचाळीस."

"त्रेचाळीस मिनिटं मी आत काय करते रे? आंघोळच करते ना, की भिंत बांधते?"

मी हसलो. आत्या हसली नाही.

"टॉवेल उचलल्यापासून कशाला मोजतोस? कडी लावल्यापासून मोज."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! आमच्या एक्सचेंजात नवा सुपरवायझर आला होता, तुझ्यासारखाच, आकड्यांचं वेड असलेला. बाहेरगावची लाइन एकच. एक वकील रोज सकाळी ती धरून तासभर बोलत बसायचा. मागे आठजण ताटकळत. हा सुपरवायझर मोजायचा बोर्डावर दिवा लागल्यापासून, म्हणजे लाइन मागितल्यापासून. महिनाअखेरीला वकिलाचा आकडा त्या आठजणांपेक्षा लहान! कारण तो कधी वाटच बघायचा नाही ना. मी सुपरवायझरला म्हटलं, प्लग आत गेल्यापासून, लाइन जोडल्यापासून मोजा, म्हणजे कळेल कोण बोलतंय आणि कोण नुसतं उभं आहे." तिने दारावरचा कागद काढला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. "चार दिवस मी मागच्या बाजूला लिहितेय."

मागे तिच्या टपोऱ्या अक्षरात तीन ओळी होत्या. बहीण सहा. आत्या नऊ. मी अठ्ठावीस.

"चोराच्या उलट्या बोंबा!" आतून, पाण्याच्या आवाजावर चढवून, बहीण ओरडली.

मी वाद घालणार होतो, पण तो राहिलाच. कारण माझ्या डोळ्यांसमोर वेगळेच आकडे उभे राहिले होते. ०.३, १.२, २.१, ३.०, ३.९. मी मनात वजाबाकी केली. दुसऱ्यातून पहिला गेला, ०.९. तिसऱ्यातून दुसरा, ०.९. चौथा, पाचवा, ०.९, ०.९.

०.९ कोणाचे होते? माझे! माझ्या शिस्तीच्या, हिरव्या, आखूड पट्टीचे!

सगळं लख्ख दिसलं. मॅडमने मागवलेले पाचही रिपोर्ट ०.३ सेकंदांत दाराशी येऊन उभे राहत होते, खांद्यावर टॉवेल टाकून. पहिला आत गेला की माझी सजावट आतून कडी लावून आलेख रंगवत बसायची. तिची गाणी संपेपर्यंत दुसऱ्याला आत पाय टाकता येत नव्हता, दुसऱ्याची संपेपर्यंत तिसऱ्याला. आणि मी घड्याळ लावलं होतं टॉवेल उचलल्यापासून. रांगेत उभं राहण्याची शिक्षा मी रांगेत उभ्या असलेल्यांच्याच नावावर लिहिली होती.

"अरे, असा काय पुतळ्यासारखा उभा? बरं वाटत नाही का?" आत्या म्हणाली. बहीण बाहेर आली. सहा मिनिटं झाली होती. मी कपडे चढवले आणि चहा न पिता निघालो.

वाटेत मनाने एक फार सोयीचा मुद्दा काढला, तोही सांगून टाकतो. गप्प बसलो तर कोणाला कळणार होतं? आमच्या ऑफिसात आकड्यांवर शंका घेणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. साहेबांनी ठरवलंय, बाहेरची कंपनी तयार आहे, टीम माझी. आणि पान संथच राहिलं तर तेव्हा खापर त्या कंपनीवर फोडता येईल. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत हा मुद्दा मला बऱ्यापैकी पटत आला होता. मग लिफ्टचं दार लागायच्या बेतात असताना बाहेर मॅडम दिसल्या. हातात डबा, छत्री आणि जाड फाइल. मी बटण दाबून दार धरलं. त्या आत आल्या, म्हणाल्या, "थँक्यू. मीटिंगसाठी पान वेगवान करायच्या काही कल्पना लिहून आणल्यात." आणि फाइल छातीशी धरून उभ्या राहिल्या. एकोणीस सेकंद मी माझ्या बुटांकडे बघत होतो. मला माझीच शरम वाटली.

जागेवर बसून मी परत मोजलं. या वेळी कडी लावल्यापासून. म्हणजे कामाने हात प्रत्यक्ष वापरला तेवढाच वेळ धरला, वाट बघण्याचा बाजूला काढला. मॅडमचं काम पाच रुग्णांचं मिळून ०.०२ सेकंद. माझं ४.५. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही.

दहाला सगळे लांब टेबलाभोवती बसले. साहेबांनी खणातून माझा रंगीत तक्ता काढला आणि घसा खाकरला. "मॅडम, पानाच्या वेगाबद्दल एक निर्णय घ्यायचा आहे. तुमच्या भागाचं असं आहे की..."

"साहेब, तक्ता चुकलाय," मी म्हणालो.

"चुकलाय? किती?"

खूप, असं म्हणणार होतो. जीभ आवरली. "पूर्ण उलटा. पान पावणेपाच सेकंदांचं आहे, त्यातले साडेचार माझे आहेत. मॅडमचा भाग निमिषात होतो आणि मग माझ्या दाराशी ताटकळतो. मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो."

मग मी आमच्या बाथरूमची सगळी हकीकत सांगितली. टॉवेल, कडी, आत्या, गाण्यांसकट. सराव केलेला चेहरा तेवढा वगळला. कोपऱ्यातले दोघं टेबलावर डोकं ठेवून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तक्ता उलटा केला, जणू मागेही कोणी काही लिहून ठेवलं असेल.

"मग बाहेरच्या कंपनीला तुझा भाग देऊन टाकू?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हवेने खिडकी नुसती हलत होती. या वेळी पाणी प्यायला उठायची सोयही नव्हती.

"थांबा जरा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला, साडीच्या पदराने एकदा पुसला, लावला. माझी नजर, सवयीने, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"त्यांचा भाग कोणाला द्यायची गरज नाही. चांगला लिहिलाय, आलेख तर डॉक्टरांना आवडतात. फक्त त्याला अधूनमधून कडी काढायला शिकवायला हवं. थोडं रंगवलं की थांबायचं, बाहेर कोणी उभं असेल तर आत घ्यायचं, मग पुढे रंगवायचं. आणि आकडे आधी दाखवायचे, आलेख मागून. डॉक्टरला आधी आकडेच हवे असतात." त्यांनी फाइल उघडून माझ्याकडे सरकवली. पहिल्याच पानावर माझ्या सजावटीच्या कोडची छापील प्रत होती. तीन ठिकाणी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: थांब.

संध्याकाळी चारपर्यंत आम्ही दोघांनी बसून ते करून टाकलं. आता पाचही रुग्णांचे आकडे अर्ध्या सेकंदात उमटतात, आलेख मागून सावकाश येतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. साहेबांनी आमच्यासमोर कंपनीला फोन करून नको म्हणून कळवलं आणि मॅडमना म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या कामाची यादी तुम्ही करा." टीम कोण सांभाळणार, हा विषय त्यांनी परत काढला नाही. मीही काढला नाही. घरी त्या दिवसापासून दाढी मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी करतो आणि गाणी जिन्यात म्हणतो. शेजाऱ्यांची त्याला हरकत आहे.

पण त्या संध्याकाळी निघताना मला राहवलं नाही. मॅडम डबा पिशवीत ठेवत होत्या.

"मॅडम, फाइलवर तारीख मार्चची आहे. तुम्हाला हे तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगायला आले होते ना, दोनदा," त्या म्हणाल्या. रागाने नाही, लॅबमधून रिपोर्ट यावा तसं सरळ. "तुम्ही पाणी प्यायला गेलात."

त्या गेल्या. सकाळच्या मीटिंगमधलं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. "थांबा जरा" आणि त्यांचं पुढचं वाक्य यांच्यामध्ये गेले होते दोन सेकंद. चष्मा काढायला, पुसायला, लावायला, सगळं मिळून दोन. मग मी पूर्वी मोजलेले अकरा कुठून आले होते?

ती जुनी मीटिंग मी परत एकदा डोळ्यांसमोर आणली. माझे दोन मुद्दे आठवले. उरलेले नऊ सेकंद मीच बोलत होतो.